ज्वालामुखी बेटावरचा ड्रॅगनगड: थ्रीडी प्रिंटेड मॉडेल किट, गोव्याच्या हवेत

गोव्यात किल्ला म्हटला की डोळ्यांसमोर येतो आग्वादचा तांबूस चिरा. हा गड मात्र काळ्या बेसाल्टचा, लाव्हा थिजून झालेल्या बेटावर उभा, आणि बुरुजांवर पंख मिटून बसलेले ड्रॅगन. कोरीवकाम अप्रतिम आहे. कड्यावरचे षटकोनी खांब तर अगदी खऱ्यासारखे: लाव्हा थंड होताना आकसतो, तेव्हा त्याला अशाच भेगा पडतात.

भाग पीएलए प्लास्टिकचे. सांधे पॉलिश पेपरने घासा, कोरडे बसवून बघा, मगच सुपरग्लू लावा. पंखांना १ मिमीचे भोक पाडून तारेची खुंटी घालाच, नुसत्या गोंदावर ते टिकत नाहीत.

खरी परीक्षा रंगाची. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) दमट हवेने पांढरट, खरखरीत होतो. त्यापेक्षा ब्रशने ॲक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात द्या. वर काळा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कडांवर राखाडी. लाव्हाच्या भेगांत खोलात पिवळा, त्याभोवती नारिंगी, काठाला लाल. सर्वांत तापलेला भाग सर्वांत उजळ असतो. इथे बहुतेक जण नेमके उलटे करतात.

समुद्रासाठीचे इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन) एकदम ओतू नका, पातळ थर द्या. जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तापून तडकतो, आणि पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, म्हणजे बेटच वाकते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही हा गड ठेवू नये.

माहितीपत्रकात यातले काहीच छापलेले नाही, ही मोठी उणीव.