पीटची जमीन: दलदलीचं जंगल की पामची लागवड?

पुण्यातल्या सोसायटीच्या खड्ड्यात सुका पाला टाकून वरखाली करत राहिलं, की काही महिन्यांत खत होतं. इंडोनेशियातल्या पीटच्या दलदलीत तोच पाला, मुळं, फांद्या पाण्याखाली राहतात. प्राणवायू मिळत नाही, कुजणं अर्धवट थांबतं. हजारो वर्षांत या अर्धवट कुजलेल्या पाल्याचा थर साचतो, त्यालाच पीट म्हणतात; काही ठिकाणी तो १० मीटरहून जाड असतो. भर वर्षाला एखाद-दोन मिलीमीटरची, पण जंगल ओलं आहे तोवर साठा टिकतो.

तेलासाठी पाम लावायचा तर आधी चर खणून पाणी उतरवतात. मग पीट त्या खड्ड्यासारखं कुजू लागतं. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार अशा जमिनीतून हेक्टरी वर्षाला सुमारे ११ टन कार्बन हवेत जातो, म्हणजे साधारण ४० टन कार्बन डायऑक्साइड. जमीनही दरवर्षी काही सेंटिमीटर खचते. शिवाय कोरडं पीट पेटतं आणि आत धुमसत राहतं. १९९७ च्या वणव्यांच्या धुराने सिंगापूर-मलेशियापर्यंत श्वास कोंडला होता.

‘पामही झाडच, तोही कार्बन धरतो’ हे मला अजिबात पटत नाही. तो साधारण २५ वर्षांनी तोडून पुन्हा लावतात, आणि खालची गळती या सगळ्या काळात सुरूच असते.

एक मात्र मानायला हवं: हेक्टरी तेल पामइतकं दुसरं कुठलंच पीक देत नाही. आपल्या फरसाणात, बेकरीच्या खारीतही ते असतं. म्हणून माझं मत पामच्या विरोधात नाही. तो साध्या, आधीच लागवडीखाली असलेल्या जमिनीवर घ्यावा. पीटवरचे चर बुजवून पाणी पुन्हा वर येऊ द्यावं.