‘काउच टू फाइव्ह के’ : कार्यक्रम उत्तम, थकव्याचा हिशेब मात्र आपला आपण ठेवावा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी हा कार्यक्रम सुरू केला आणि एप्रिलच्या मध्याला कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पदपथावर सलग ३० मिनिटे, एकदाही न थांबता, धावले. नऊ आठवड्यांच्या या कार्यक्रमाला मला चौदा आठवडे लागले. जास्तीचे पाचही आठवडे थकव्यापायी गेले आणि त्या थकव्याविषयी कार्यक्रमाच्या तक्त्यात एक ओळही नाही, म्हणून हे परीक्षण मी मुख्यतः त्यावरच लिहीत आहे. माझे वय ४६ आहे, मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि विद्यार्थिदशेतला खो-खो सोडला तर आयुष्यात कधी धावलेली नव्हते.

जोश क्लार्क या अमेरिकी गृहस्थांनी १९९६ मध्ये, आपल्या पन्नाशीतल्या आईला धावायला सुरुवात करता यावी म्हणून, हा कार्यक्रम आखला. नावाचा अर्थ सरळ आहे : कोचावरून उठायचे आणि पाच किलोमीटरपर्यंत पोहोचायचे. आठवड्यातून तीन दिवस धावायचे आणि दोन धावांच्या मध्ये निदान एक दिवस विश्रांती घ्यायची. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालून झाले की ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे असे आठ वेळा करायचे, म्हणजे प्रत्यक्ष धावणे अवघे आठ मिनिटांचे होते. पुढे धावण्याचा वेळ हळूहळू वाढत जातो आणि नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास धावायचे असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने हाच कार्यक्रम स्वीकारून लोकांना मोफत उपलब्ध करून दिला आहे. मी मात्र त्याच तक्त्यावर चालणारे दुसरे एक मोफत ॲप वापरले.

आपल्या भाषेत थकव्याला अनेक शब्द आहेत आणि या चौदा आठवड्यांत मला त्यांचा फार उपयोग झाला. दम लागणे वेगळे, अंग आंबणे वेगळे आणि दिवसभर मरगळ असणे वेगळे. तिन्हींची कारणे निराळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. सुरुवातीला मी सगळ्याला सरसकट ‘थकले’ एवढेच म्हणत होते आणि म्हणूनच पहिला महिना चुकीचे उपाय करण्यात गेला.

दम लागण्याचे कारण सर्वांत सोपे निघाले. मी फार जोरात धावत होते. ६० सेकंदच तर धावायचे आहे, या विचाराने पहिल्या दिवशी रंकाळा टॉवरपासून निघाले ती शाळेच्या शर्यतीत पळावे तशी निघाले, आणि चौथ्या फेरीला कठड्याला धरून उभी राहिले. नवशिक्याने बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, हा नियम जाणकार सांगतात, पण पहाटे एकट्याने धावताना बोलायचे कोणाशी? मी पाढे म्हणू लागले. ‘तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस’ एवढे एका श्वासात, मोठ्याने आणि न तुटता म्हणता आले की वेग बरोबर आहे असे समजायचे, आणि ‘तेरा दुणे’लाच आवाज फुटला की पावले आखूड करायची. हा वेग इतका मंद होता की भरभर चालणारे आजोबा मला मागे टाकून पुढे जात, आणि त्याची पहिले काही दिवस मला लाज वाटली. पण दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस धाप पुष्कळच कमी झाली. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू शकते आणि तेवढ्याच कामाला दम कमी लागतो. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना मात्र बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे दम पुरतो म्हणून तक्त्याच्या पुढे धावण्याचा मोह तिसऱ्या आठवड्यात होतो, आणि तो केल्यास नडगी दुखू लागते. हा मोह आवरण्याच्या बाबतीत तक्ता फार शहाणपणाने आखलेला आहे.

अंग आंबण्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. धावल्यानंतर एक ते तीन दिवस पोटऱ्या आणि मांड्या दुखतात. ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे होते असा समज सर्वत्र आहे, पण ते आम्ल तासाभरात रक्तातून निघून जाते. दुखते ते सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. मधल्या दिवशी थोडे चालले की अंग मोकळे होते आणि तिसऱ्या आठवड्यानंतर हे दुखणे आपोआप थांबते.

मला खरोखर घाबरवले ते मरगळीने. चौथ्या आठवड्यात, म्हणजे जानेवारी संपता संपता, धावताना काहीच त्रास होत नसे, परंतु दुपारी वर्गात फळ्यासमोर उभी असताना डोळ्यांवर झापड यायची. एकदा समीकरण लिहिता लिहिता खडू हातातच राहिला आणि पुढची पायरी कोणती, हे मला दोन क्षण आठवेना. मुलींनी पुढची पायरी सांगितली. घरी आल्यावर जिना चढताना पाय शिशाचे झाल्यासारखे वाटत. व्यायामाने उत्साह वाढतो असे सगळे सांगत असताना आपलाच उलट अनुभव का, या विचाराने मी कार्यक्रम सोडून देण्याच्या बेतात होते.

त्या वेळी आमच्या गल्लीतल्या एका वयोवृद्ध वस्तादांनी मला दारात थांबवून विचारले, “ताई, पळताय ते बरं हाय, पन झोपताय किती?” मी मनात मोजले. तपासायच्या वह्या संपवून झोपायला साडेअकरा, आणि उठायला पाच. साडेपाच तास. ते म्हणाले, “आमच्या तालमीत एवढ्या झोपंवर पोराला मातीत उतरू दिलं नसतं. आन् पळून आल्यावर खाताय काय?” मी म्हणाले, “चहा.” त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

खासबागेचे कुस्तीचे मैदान ज्या शहरात आहे, त्या शहरात वाढूनही ही गोष्ट मला सुचली नव्हती याचे आजही वाईट वाटते. पैलवानाच्या दिवसात पहाटेची मेहनत जितकी ठरलेली, तितकाच खुराक ठरलेला आणि तितकीच दुपारची झोपही ठरलेली असते. यांतले एक काढले तर उरलेल्या दोघांचा उपयोग होत नाही, हे तालमीतला शेंबडा पोरही जाणतो. परदेशातून आलेल्या तक्त्यात मेहनत मिनिटा-सेकंदांत मांडली आहे. विश्रांतीच्या दिवसांची जागा त्यात मोकळी सोडलेली आहे, आणि नवशिका माणूस मोकळ्या जागेला महत्त्व देत नाही. मी त्या मोकळ्या दिवशी घरातली साठलेली कामे काढत होते.

खाण्याचा हिशेब मांडला तेव्हा तो झोपेहून वाईट निघाला. रात्री साडेआठला जेवल्यानंतर दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा उघडेपर्यंत, मधल्या धावण्यासह, माझ्या पोटात फक्त दोन कप चहा जात होता. आता धावायला निघण्यापूर्वी एक केळे खाते आणि परत आल्यावर तासाभराच्या आत भाकरी आणि मटकीची उसळ, किंवा दोन अंडी आणि एक पेला दूध घेते. एवढ्यानेच दुपारची झापड निम्मी कमी झाली.

उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.४ निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी ते किमान १२ असावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते, म्हणजे माझी अवस्था अपवादात्मक मुळीच नव्हती. स्नायूंपर्यंत प्राणवायू नेण्याचे काम हिमोग्लोबिन करते. तेच कमी असताना शरीरावर धावण्याचा जादा भार टाकला तर मरगळ येणार हे उघड आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणानंतर लगेच चहा पिण्याची माझी वीस वर्षांची सवय सोडायला सांगितली, कारण चहा अन्नातले लोह नीट शोषू देत नाही. उलट लिंबू पिळलेली उसळ त्याला मदत करते. गूळ-शेंगदाण्यांनी हे भरून निघेल का, असे मी विचारले. कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्यांनी गूळ आवडीसाठी खा, परंतु रक्त वाढवण्यासाठी गोळी चुकवू नका, असे स्पष्ट सांगितले. दोन महिन्यांनी आकडा १२.१ झाला.

फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे मी धावणे थांबवून फक्त चालले. नंतर चौथा आठवडा पुन्हा केला आणि पाचवा आठवडा तीनदा केला. पाचव्या आठवड्याविषयी प्रत्येक नवशिक्याला आधीच सांगायला हवे. त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांचे दोन टप्पे असतात आणि लगेच तिसऱ्या दिवशी सलग २० मिनिटे धावायचे असते. ही उडी तक्त्यातील सर्वांत मोठी आहे, आणि माझ्या मते दमलेल्या माणसासाठी ती फार मोठी आहे. मी दोनदा बाराव्या-तेराव्या मिनिटाला थांबले. तिसऱ्या वेळी आदल्या रात्री दहाला झोपले, मार्चचा उकाडा लक्षात घेऊन सातऐवजी पावणेसहाला निघाले आणि पहिली दहा मिनिटे मुद्दाम पाढा लांबवत, अगदी रेंगाळत धावले. विसावे मिनिट संपले तेव्हा पाण्यावर उजाडू लागले होते आणि माझ्यात आणखी चार-पाच मिनिटे धावण्याइतके बळ शिल्लक होते. तो दिवस मी कधीही विसरणार नाही.

आता ॲपविषयी. कानात वेळेवर सूचना मिळतात, मागचा आठवडा पुन्हा करता येतो आणि पैसे लागत नाहीत, या त्याच्या चांगल्या बाजू आहेत. परंतु सूचना केवळ इंग्रजीत आहेत, झोप किंवा थकवा यांची नोंद ठेवायला जागा नाही, आणि दोन दिवस खंड पडला की ‘मागे पडलात’ अशा अर्थाचा संदेश येतो, जो आजारातून उठणाऱ्या माणसाला विनाकारण अपराधी वाटायला लावतो. मी तो संदेश बंद केला. नंतर तक्ताच चौकटीच्या वहीतल्या एका पानावर उतरवून फ्रिजवर लावला आणि धावण्याच्या मिनिटांशेजारी झोपेचे तास आणि दुपारची अवस्था यांचे दोन रकाने आखले. सलग दोन दिवस मरगळ लिहिली गेली तर पुढची धाव एक दिवस पुढे ढकलायची, हा नियम मी स्वतःपुरता केला. शेजारच्या काकूंना इंग्रजी सूचना समजत नसल्याने त्या याच पानावरून, साध्या मनगटी घड्याळाने, आता तिसऱ्या आठवड्यात पोहोचल्या आहेत.

कार्यक्रमाला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण पाचव्या आठवड्यासाठी आणि विश्रांतीविषयीच्या मौनासाठी कापला आहे. आठवड्याला ७५ मिनिटे जोरकस व्यायाम पुरेसा आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि शेवटच्या आठवड्यात आपण ९० मिनिटे धावत असतो, हे या साध्या तक्त्याचे मोठे यश आहे. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी मात्र पहिल्या धावेच्या आधीच हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा विश्रांतीनंतरही न ओसरणारी धाप ही लक्षणे थकव्याची समजून अंगावर काढू नयेत, थेट डॉक्टरांकडे जावे. मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तर त्यांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

सध्या मी आठवड्यातून तीनदा, पावणेसहाला, त्याच पदपथावर असते. माझा वेग अजूनही तेराच्या पाढ्याचाच आहे आणि ३० मिनिटांत माझे पाच किलोमीटर पूर्ण होत नाहीत, चारच्या जरा अलीकडे घड्याळ थांबते. वस्ताद भेटले की अंतर विचारत नाहीत, रात्री किती वाजता झोपले तेवढे विचारतात.