रविवारचे न्यूजलेटर : ‘द मार्जिनेलियन’
ईमेलने येणाऱ्या न्यूजलेटरांची आता इतकी गर्दी झाली आहे की, नाव नोंदवण्यापूर्वी जुने अंक वाचून पाहावेत हे उत्तम. मारिया पोपोव्हा यांचे ‘द मार्जिनेलियन’ या कसोटीला उतरते. २००६ मध्ये सात परिचितांना पाठवलेल्या ईमेलपासून सुरू झालेले आणि २०२१ पर्यंत ‘ब्रेन पिकिंग्ज’ या नावाने ओळखले जाणारे हे न्यूजलेटर दर रविवारी विनामूल्य येते, जाहिराती घेत नाही आणि वाचकांच्या देणग्यांवर चालते. विज्ञान, कविता आणि तत्त्वज्ञान यांची सांगड त्यात सहज घातलेली असते. लेख मात्र लांबलचक आणि शैली कधीकधी अलंकारांनी जड होते. बुधवारी जुन्या संग्रहातला एकच लेख पाठवणारे वेगळे पत्रही आहे; रविवारचा अंक ज्यांना पेलणार नाही, त्यांनी आधी तेच घ्यावे.