सेप्सिसनंतर घरी घेतलेली परिचारिका सेवा : एक अभिप्राय

न्यूमोनियातून सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयवांनाच इजा होण्याची गंभीर अवस्था) झालेल्या माझ्या वडिलांना घरी आणल्यानंतर आम्ही एका खासगी संस्थेमार्फत दिवसपाळीसाठी प्रशिक्षित परिचारिका नेमली. संस्थेबद्दल माझे मत संमिश्र आहे, पण जी परिचारिका आम्हाला मिळाली तिच्या कामाबद्दल मात्र सविस्तर आणि कौतुकानेच लिहावे लागेल.

डिस्चार्ज मिळाला की आजार संपला असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात व्हेंटिलेटरवर राहून आलेल्या रुग्णाचे स्नायू थोड्या दिवसांतच झिजलेले असतात, झोपेचे चक्र बिघडलेले असते, आणि स्मरणशक्ती व एकाग्रता यांवरचे परिणाम महिनोन्‌महिने टिकू शकतात. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी औषधांची यादी मागितली, ती बारकाईने वाचली आणि बाजूला ठेवून बाबांना विचारले, “काका, झोप लागते का?” बाबांनी उत्तर दिले नाही. ते उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला आणि त्यासाठी सिस्टरांनी कोणतीही घाई केली नाही.

शरीराच्या बाबतीत त्यांची नजर विलक्षण बारीक होती. अंग पुसताना माकडहाडाजवळ एक लालसर चट्टा दिसला, तेव्हा त्यांनी तो बोटाने दाबून सोडला आणि दाबल्यावरही लाली फिकी पडत नाही हे आम्हाला दाखवले. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी असते. तेव्हापासून दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंशांच्या कलात झोपवणे आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे सुरू झाले. चट्ट्यावर तेल चोळायला निघालेल्या आईला त्यांनी हळूच थांबवले, कारण चोळल्याने आतल्या ऊतींना आणखी इजा होते. पाणी प्यायल्यावर बाबांचा आवाज घोगरा आणि ओलसर येतो हेही त्यांच्याच कानांनी टिपले. घशात नळी राहिलेल्या रुग्णाच्या गिळण्यात दोष राहू शकतो आणि पाणी श्वासमार्गात जाऊ शकते, म्हणून त्यांनी लगेच डॉक्टरांशी बोलून गिळण्याच्या दोषांवरही उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करवून घेतली.

पण त्यांच्या कामाचा खरा कस लागला तो भीतीच्या बाबतीत. रुग्णालयात आपल्याला कोणीतरी बांधून ठेवले होते आणि भिंतीतून माणसे येत होती, असे बाबा अखेर एकदा बोलून गेले. आम्ही “तसे काही नव्हते” म्हणून विषय झटकणार होतो. सिस्टरांनी मात्र तो भ्रम खोटा पाडला नाही. गंभीर संसर्गात मेंदू गोंधळतो, त्यात अलार्मचे आवाज, मास्क लावलेले चेहरे आणि नळी उपसली जाऊ नये म्हणून मनगटाला बांधलेला पट्टा यांतून अशी दृश्ये तयार होतात, हे त्यांनी बाबांना समजेल अशा शब्दांत सांगितले. मग जे दिवस त्यांना आठवत नव्हते त्यांची तारीखवार हकिगत आमच्याकडून एका वहीत लिहून घेतली. चष्मा आणि श्रवणयंत्र सकाळी उठल्याउठल्या लावायचे, घड्याळ व दिनदर्शिका पलंगावरून दिसेल अशी टांगायची, दिवसा पडदे उघडे ठेवायचे, एवढ्या साध्या बदलांनी बाबांचा दिवसरात्रीचा गोंधळ कमी झाला. वही ते अनेकदा वाचत.

आधुनिक हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांची शुश्रूषा) चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मुळात परिचारिका होत्या. रुग्णाच्या वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी अंगे असतात, अशी मांडणी त्यांनी केली. ती मांडणी मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात झाली असली, तरी बऱ्या होणाऱ्या माणसालाही ती लागू पडते असे मला या काळात प्रकर्षाने वाटले. आईची झोप होते का आणि बाबांना उठवताना तिची कंबर दुखते का, हेही सिस्टर विचारत आणि उचलण्याची योग्य पद्धत तिच्याकडून करवून घेत.

या मायेला शिस्तीची जोड होती. एकदा ताप नसतानाही बाबा सुस्त वाटले, तर त्यांनी पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, नाडी पाहिली आणि वाट न पाहता डॉक्टरांना फोन केला. मूत्रमार्गाचा संसर्ग वेळीच सापडला. औषधाच्या मात्रेत मात्र त्यांनी स्वतःहून कधीही बदल केला नाही.

आता संस्थेबद्दल. साप्ताहिक सुटीच्या दिवशी बदली म्हणून एकदा अप्रशिक्षित मदतनीस पाठवण्यात आली आणि बिल परिचारिकेच्याच दराने लावले गेले. तक्रारीनंतर फरक परत मिळाला, पण दिलगिरीचा शब्द नाही. बदलीच्या व्यक्तीला रुग्णाची माहिती देण्याची कोणतीही पद्धत कार्यालयाकडे नव्हती. सिस्टरांनी स्वतःहून ठेवलेल्या नोंदी नसत्या, तर गिळण्याचे पथ्य त्याच दिवशी मोडले असते.

त्यामुळे ही सेवा घ्यायची असल्यास परिचारिकेची नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणी स्वतः पाहावी, अतिदक्षता विभागातील अनुभव विचारावा, आणि बदली कोण येणार व तिला लेखी माहिती कोण देणार हे करारातच नमूद करून घ्यावे. या अटी मान्य होत असतील तर मी ही सेवा पुन्हा घेईन, तीही त्याच सिस्टर उपलब्ध आहेत का हे आधी विचारून.