रानात घर बांधायची परवानगी: लातूरच्या एका इंजिनिअर ऑफिसचा रिव्ह्यू (5 पैकी 3.5)

एनए (म्हणजे शेतजमीन बिनशेती करून घेणं), मोजणी, बांधकाम परवाना असली सगळी फायलींची कामं घेणारं लातूरातलं एक ऑफिस आहे, त्याच्याबद्दल लिहायलोय. नाव टाकत नाही, कारण निम्मं कौतुक आहे अन् निम्मी तक्रार.

आमचं गाव औसा तालुक्यात. वाटण्यांत गावातलं जुनं माळवदाचं घर धाकट्या भावाकडं गेलं, म्हणून आम्ही रानात घर बांधायचं काढलं. दादांचं म्हणणं एकच, परवानगी-बिरवानगी काय करायची, ग्रामपंचायतीत नमुना 8 ला नाव लागलं की झालं, सगळं गाव असंच बांधतंय. आता नमुना 8 म्हणजे घरपट्टीची नोंद, ती काय बांधकामाची परवानगी नव्हे, पण हे गावात कुणाला सांगावं! बँकेत होम लोनला गेलं की मग कळतं, तिथं पहिल्या झटक्याला एनए अन् मंजूर नकाशा मागतात.

तर ह्या ऑफिसातली पैसे द्यावेत अशी खरी गोष्ट म्हणजे पहिली बैठक. सायबांनी खोल्या किती, बजेट किती काहीच विचारलं नाही. सातबारा बघितला, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे विकायला सरकारी बंधन नसलेली जमीन) आहे का ते बघितलं, अन् विचारलं की गावठाणापासून किती लांब आहे हे. मला हायवेकडचा तुकडा पाहिजे होता (तुळजापूर-नागपूर हायवे झाल्यापासून सगळ्यांनाच तिकडंच पाहिजे), ते म्हणले तिथं रस्त्यापासून बिल्डिंग लाइन, कंट्रोल लाइन (बांधकामाला सोडायची अंतरं) सोडत बसाल, वरून पूर्ण एनएची फाइल, त्यापेक्षा गावाला लागून असलेला गट घ्या. कारण महसूल अधिनियमात कलम 42-ड आलं होतं, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेच्या (कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा सरकारी आराखडा) झोनमध्ये बसत असली की तिथं राहण्यासाठी वेगळी बिनशेती परवानगी मागायची तेव्हा गरज नव्हती, तहसीलमधून रूपांतरण कर अन् अकृषिक आकारणी काढून घ्यायची, चलन भरायचं, सनद (बिनशेती वापराचा दाखला) मिळायची. हे आम्हाला गावात कुणीच सांगितलं नव्हतं, सगळे एनए करून देतो म्हणूनच मागं लागले होते.

शेतघराचं पण त्यांनीच फोडून सांगितलं. रानात फार्महाऊस म्हणून बांधता येतं पण त्याला किमान 0.4 हेक्टर म्हणजे आपलं साधारण एक एकर लागतं अन् बांधकामाला मर्यादा आहे, दोन गुंठ्यात बंगला बांधून त्याला शेतघर म्हणता येत नाही.

आता तक्रारी. सनद वेगळी अन् बांधकामाचा नकाशा मंजूर करणं वेगळं, हे त्यांनी अ‍ॅडव्हान्स घेताना सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं एकाच रकमेत सगळं आहे, नंतर झोन दाखल्याचे वेगळे, नकाशाचे वेगळे, आणि 'वरचा खर्च' म्हणून एक आकडा ज्याची पावती नाही. मी तो दिला नाही, फाइल थोडी रेंगाळली पण झाली. मोजणीला तर त्यांची काहीच गरज नाही, ऑनलाइन अर्ज होतो, गावाकडं 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2000 अन् द्रुतगतीला 8000 रुपये सरकारी फी आहे, त्याच्यावर जे सांगतील ते त्यांचं. डिजिटल सही असलेला सातबारा 15 रुपयात मोबाईलवर निघतो, त्याचे पण त्यांनी बिलात शंभर लावले होते, ते काढायला लावले.

फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'इन प्रोसेस' एवढंच.

अन् नकाशा! पहिला नकाशा बघून आमच्या मातोश्री म्हणल्या हे घर कुणाचं आहे. पुण्यातल्या टू बीएचकेवाणी, ना ओसरी, ना ओटा, सोयाबीनची पोती कुठं टाकायची त्याचा पत्ता नाही, संडास स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून. दुसऱ्यांदा काढून दिला तेव्हा बरा होता. पण एक मान्य करावं लागेल, पायाच्या बाबतीत माणूस हटत नाही. आमची जमीन खोल काळी, पावसात फुगते उन्हाळ्यात भेगा पडतात, मिस्त्री म्हणत होता एवढं कशाला खोदता, सायबांनी काळी माती उकरून मुरूम भरून दाबायलाच लावलं, प्लिंथ, लिंटल अन् स्लॅब तिन्ही ठिकाणी बँड (भूकंपात भिंती धरून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे) नकाशात काढून दिले. किल्लारी आमच्याच तालुक्यात आहे, 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट ज्यांनी बघितली त्यांना ह्यावर वाद घालायला जमत नाही, दादा एकदम गप्प बसले.

तर जायचं असलं तर पहिल्या सल्ल्याची फी वेगळी द्या अन् तेवढाच सल्ला घ्या, मग काय कामं त्यांना द्यायची ते ठरवा, रक्कम कामागणिक कागदावर लिहून घ्या. मोजणी अन् उतारे स्वतःच काढा. वर्ग 2 ची, इनामाची नाहीतर देवस्थानची जमीन असली तर तिथं जाऊच नका, त्यांनी आमच्या पाहुण्याला तोंडावर सांगितलं की आम्ही ती फाइल घेत नाही, त्याला नजराणा (सरकारला भरायची रक्कम) अन् आधी सरकारी परवानगी लागते, महसूलची कामं करणारा वकील बघा.