डेमथचा लाल कोबी, बडोद्याच्या कागदावर

बडोद्यातल्या दांडिया बाजार भागातल्या एका छपाई-फ्रेमिंगच्या दुकानातून करून घेतलेल्या प्रतीबद्दल. चित्र आहे अमेरिकन चित्रकार चार्ल्स डेमथचं ‘लाल कोबी, ऱ्हुबार्ब (लालसर देठांची एक भाजी) आणि संत्रं’, १९२९ सालचं. मूळ जलरंगचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. छपाई फार सुंदर झाली आहे. फ्रेम करताना मात्र शेजारी उभं राहावं लागतं.

डेमथ आधी पेन्सिलीने रेखाटायचा आणि ती रेघ रंगाखाली तशीच दिसू द्यायचा. ओला रंग टीपकागदाने उचलायचा, म्हणून त्याच्या जलरंगात एकच रंग कुठे दाट, तर कुठे उडाल्यासारखा दिसतो. भोवतीचा बराच कागद कोरा. त्यामुळे प्रत पारखायची ती पेन्सिलीच्या रेघेवर आणि त्या कोऱ्या जागेवर.

बडोद्यात चित्राची प्रत म्हटलं की रविवर्मा आठवतो, आणि दुकानदार चकचकीत कागद नाहीतर कॅनव्हास पुढे करतो. तेलरंगाला ते शोभतं. इथे चकाकी पेन्सिल गिळून टाकते. या दुकानात ३१० जीएसएमचा (चौरस मीटरला ३१० ग्रॅम वजनाचा) सुती मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, कागद मिळतो, तोच मागा, आणि ब्रायटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) नसलेला. ब्रायटनरचा कागद आधी निळसर पांढरा दिसतो आणि पुढे पिवळा पडतो.

१४ बाय २० इंचांच्या प्रतीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४२०० बाय ६००० पिक्सेल लागतात. फाइल पेनड्राइव्हवर न्या. आधी ४ बाय ६ इंचांचा नमुना काढायला सांगा, कोबीची कड आणि कोरा कागद दोन्ही येतील असा. पहिल्या नमुन्यात जांभळा मळकट आला होता. फाइलमध्ये कलर प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) नव्हतं, म्हणून अॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्याची फाइल एसआरजीबी या लहान रंगपट्ट्याची समजून छापली गेली. मशीनवरच्या माणसाने ते स्वतः ओळखलं आणि सुधारलं, हे या दुकानाचं खरं बळ. शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, बंद ठेवायला सांगा, नाहीतर पेन्सिलीच्या दोन्ही बाजूंना पांढरी किनार उमटते.

आता फ्रेम. इथे सवयीने प्रत चारही कडांनी दुहेरी टेपवर सनबोर्डला (प्लास्टिक फोमचा हलका फळा) चिकटवतात. पावसाळ्यात कागद फुगतो, सरकायला जागा मिळत नाही, आणि मध्ये लाटा येतात. प्रत फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगायला सांगा. बाकीच्या तीन कडा मोकळ्या. खळ पूर्ण वाळेपर्यंत फ्रेम बंद करू देऊ नका, आत ओल कोंडली की बुरशी धरते. माउंट, म्हणजे प्रतीभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, अॅसिड-फ्री हवाच. तो काच कागदापासून दूर ठेवतो. काच टेकली तर दमट हवेत प्रत तिला चिकटते.

माउंट शुभ्र घेऊ नका. त्याच्याशेजारी डेमथने राखलेला कोरा कागद मळका दिसतो. किंचित पिवळसर छटेचा निवडा.