फिगर ड्रॉइंगचा रविवारचा क्लास, ठाणे: बारा रविवार केल्यावर लिहितेय

चाळिशीनंतर माणूस काढायला शिकता येतं का असं मला दोघीतिघींनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. क्लासचं नाव टाकत नाहीये, कारण तिथे मॉडेल म्हणून जे बसतात त्यांच्यातल्या काहींच्या घरी हे माहीत नाही आणि सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलंय, फोटो नाही, टॅग नाही, पत्ता कुठे द्यायचा नाही. मला ते शंभर टक्के पटतं. खरंच यायचंय त्यांनी मला मेसेज करा, सरांना विचारून नंबर देईन.

आधी माझं सांगते म्हणजे अंदाज येईल. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, बी ग्रेड. मेमरी ड्रॉइंगसाठी आमच्या बाईंनी चार माणसं पाठ करून घेतली होती, पाठमोरी बाई, फुगेवाला, काठीवाले आजोबा आणि आईचं बोट धरलेला मुलगा, जत्रा येवो नाहीतर बसस्टॉप येवो तीच चार माणसं काढायची. मग पंचवीस वर्षं बँकेत नोकरी. लॉकडाऊनमध्ये एक ऑनलाइन कोर्स घेतला, साडेपाच हजार भरले, सहा महिने स्नायूंची नावं पाठ केली आणि फोटोवरून कॉपी केली, पण माझी माणसं कागदावर उभीच राहायची नाहीत, तरंगायची. का ते कोणी सांगितलं नाही.

ते या क्लासला पहिल्या तासात कळलं. सरांनी मॉडेल म्हणून आलेल्या काकांना उभं केलं, खिशातून ओळंबा काढला, हो तोच गवंड्याचा, आणि काकांच्या गळ्याच्या खळग्यासमोर धरला. काका एका पायावर भार टाकून उभे होते, तर दोरी सरळ खाली येऊन त्या पायाच्या घोट्यापाशी थांबली. मग सर म्हणाले आता दोन्ही पायांवर सारखे उभे राहा, आणि दोरी दोन पायांच्या मधोमध. एवढंच. ज्या पायावर वजन त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं, त्या बाजूचा खांदा खाली उतरतो आणि तिथे कुशीवर घडी पडते. सर म्हणाले विठोबा बघा, समचरण, दोन्ही पाय विटेवर सारखे, म्हणून तो युगानुयुगं उभा वाटतो, आणि मुरलीधर बघा, एका पायावर भार, तीन ठिकाणी वाक, तो आत्ता हलेल असं वाटतं. मी लहानपणापासून दोन्ही मूर्तींना नमस्कार करत आले, वजन कुठे आहे हे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना ट्रेनमध्ये दांडीला धरून उभ्या असलेल्या प्रत्येक बाईचा भार कुठल्या पायावर आहे तेच बघत होते.

पहिले चार रविवार फक्त चारकोल आणि न्यूजप्रिंट. तीस सेकंदांच्या पोझ, मग एक मिनिट, दोन मिनिटं, शेवटी वीस मिनिटांची एक. तीस सेकंदांत नाक-डोळे होतच नाहीत, म्हणून हात आपोआप मोठी रेघ मारायला शिकतो, डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर कुठे वाकलंय ती. खोडरबर दुसऱ्या महिन्यापर्यंत बंद. प्रमाणाचं पण सांगितलं, माणसाची उंची साधारण साडेसात डोकी वगैरे, पण त्यातलं कामाचं एकच, उभ्या माणसाचा मध्य कंबरेला नसतो, जांघेपाशी असतो. आपण सगळे तो कंबरेला धरतो म्हणून पाय आखूड होतात. आणि स्वतःचा तळहात हनुवटीवर ठेवून बघा, बोटं कपाळापर्यंत जातात, आपण मात्र हात नेहमी लहान काढतो.

मॉडेल काकांबद्दल लिहायलाच हवं. वय साठच्या पुढे, लंगोटावर बसतात, खांदे अजून रुंद पण दंडाची कातडी सैल झालेली, आणि गुडघ्यावरची वाटी इतकी स्पष्ट की पुस्तकातल्या आकृतीत दिसणार नाही. वीस मिनिटं हलत नाहीत. पाय कुठे होते ते ब्रेकच्या आधी जमिनीवर टेपने आखून ठेवायचं, ब्रेकनंतर ते बरोबर त्याच जागी येतात. एकदा एका मुलाने अजून पाच मिनिटं थांबा म्हटलं तर सरांनी त्याला सगळ्यांसमोर थांबवलं, म्हणाले त्यांचा पाय बधिर होतो, तुझा नाही. शेवटी प्रत्येकाने काकांना नमस्कार करून निघायचं हा नियमच आहे. मॉडेल म्हणून बाई बसल्या असं सेशन दोनदाच झालं, एकदा नऊवारी आणि एकदा साधी चादर गुंडाळून, आणि त्या दिवशी विषय होता कापडाखालचं शरीर. सरांनी म्हात्र्यांच्या मंदिरपथगामिनीचा मोठा प्रिंट लावला होता, गणपतराव म्हात्रे मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना केलेलं शिल्प, १८९६ चं. लुगड्याच्या घड्या बघत बसू नका, गुडघा पुढे आलाय तिथे कापड ताणलंय आणि जिथे काहीच नाही तिथे ते लोंबतंय, एवढं बघा. माझी घडी त्यानंतर पहिल्यांदा घडीसारखी दिसली.

पेंटिंगचे दोन रविवार ठीकच, कमी पडतात. पण एक गोष्ट लक्षात राहिली, फ्लेश टिंट नावाची, कातडीसाठी म्हणून विकतात ती तयार रंगाची ट्यूब त्यांनी बाजूला ठेवायला लावली. तो गुलाबी रंग आपल्यापैकी कोणाचाच नाही. यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा, यातच सगळं, आणि खरंच सावळ्या कपाळावर खिडकीचा उजेड पडला की तिथे निळसर दिसतं, मी आधी कधी पाहिलंच नव्हतं.

आता माती. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे. शेवटचे पाच रविवार फूटभर उंचीची बसलेली फिगर. आधी तारेचं आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला सांगाडा, वळायचं, त्याला लाकडाच्या छोट्या फुल्या तारेने लोंबकळत बांधायच्या, त्यांना बटरफ्लाय म्हणतात, ओली माती त्यांना धरून राहते, नाहीतर स्वतःच्या वजनाने घसरते. माझी डाव्या खांद्याजवळची फुली बांधायची राहिली आणि तिसऱ्या आठवड्यात आले तर खांदा बोटभर खाली बसला होता, सगळा दंड कापून परत केला. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण दुसऱ्यांदा करताना खांद्याचं हाड पाठीवर कुठे सरकतं ते शोधायला मी माझाच हात वर-खाली करून दुसऱ्या हाताने पाठ चाचपत होते, आणि ते हाड बोटांखालून सरकलं. कागदावर मी पाठ चार महिने काढली असती तरी हे कळलं नसतं. मातीत मागची बाजू लपवता येत नाही. मातीनंतर मी परत चारकोल हातात घेतला तर रेघ बदललेली होती, मला स्वतःलाच दिसत होतं.

मध्ये एक रविवार सहल होती, गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून अलिबागजवळचं सासवणे, करमरकर शिल्पालय. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर त्याच गावचे, पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. घरात आणि अंगणात त्यांची शिल्पं आहेत, बरीचशी सिमेंटमधली, आणि सिमेंटसारख्या रुक्ष गोष्टीत माणसाची त्वचा इतकी मऊ कशी वाटते हे तिथे उभं राहून बघायलाच हवं. म्हैस तर अशी बसलीय की जवळ जाताना पाऊल आपोआप हळू पडतं. क्लास न लावणाऱ्यांनीही तिथे नक्की जा.

काय आवडलं नाही ते पण. बारा रविवारांचे चौदा हजार आणि सामान वेगळं, ते मला जास्त वाटले. अठरा जण एका हॉलमध्ये, डाँकी, म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून बसायचा, पुढे बोर्ड टेकवायचा बाक, मिळाली तर पुढे बसायला मिळतं, उशीर झाला तर मागे उभ्याने ईझलवर, म्हणजे स्टँडवर, काढायचं, आणि मागून मॉडेलचे पाय दिसतच नाहीत, जिथे सगळा विषयच पायांचा आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माती धुवायला एकच नळ. आठवडाभर कामावरचं कापड ओलं ठेवायची जबाबदारी क्लासची होती, पण एका आठवड्यात ते राहिलं आणि चौघांच्या कामाला भेगा गेल्या. सरांनी त्या चौघांना एक रविवार फुकट दिला हे खरं, पण भेग गेलेलं काम ते काम राहत नाही. हात आणि पाऊल यांना एकच दिवस दिला तोही फार कमी.

ज्यांना आठ दिवसांत पोर्ट्रेट काढून स्टेटसला लावायचंय त्यांनी हा क्लास लावू नका, पहिल्या महिन्यात दाखवण्यासारखं काही हातात येत नाही. बाकी कुठल्याही वयाच्या माणसाने लावावा, आमच्या बॅचमध्ये बारावीचा मुलगा होता आणि रिटायर्ड शिक्षिका पण होत्या. जाताना जुना सुती शर्ट, ओलं कापड ठेवायला मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि पुटी रबर (मळून हवा तसा आकार देता येतो तो मऊ खोडरबर) न्या, आणि पंधरा मिनिटं आधी पोचा, डाँकीसाठी. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, फक्त मातीची, उभी फिगर. मी नाव घातलंय.